ओढ्याकाठची सपाट जमीन : पर्वतीय वनात तंबू कोठे उभारावा?

पर्वतीय वनातून वाहणाऱ्या एखाद्या ओढ्याच्या काठी तंबू उभारून रात्र काढण्याची आवड देशभरातील पर्यटकांमध्ये वाढत आहे. हिमाचल प्रदेशातील पार्वती व तीर्थन नद्यांची खोरी, उत्तराखंडमधील भागीरथी व तिच्या उपनद्यांचे काठ, तसेच सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील अनेक ठिकाणे या मुक्कामांसाठी प्रसिद्ध आहेत. उन्हाळी सुटीत महाराष्ट्रातून हिमालयात जाणाऱ्या पदभ्रमण पथकांची परंपरा तर कित्येक दशकांची आहे. युथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या कसोल येथून सुरू होणाऱ्या सार पास मोहिमेमुळे पार्वती खोऱ्याचे नाव अनेक मराठी घरांत परिचयाचे झाले आहे.

अशा साध्या शिबिरस्थळांवर वीज नसते, नळाचे पाणी नसते आणि बहुधा भ्रमणध्वनीची सेवाही नसते. देवदार किंवा चीड वृक्षांची सावली, शेकोटीसाठी रचलेले दगड आणि पंधरा-वीस पावलांवर खळाळणारे थंड पाणी एवढ्याच तेथील सोयी असतात. शहरी जीवनाला कंटाळलेल्या माणसाला हवी असते ती नेमकी हीच साधेपणाची अनुभूती. ती घेण्यात गैर काहीच नाही. मात्र, गेल्या पन्नास वर्षांत जगाच्या निरनिराळ्या भागांत अशा मुक्कामांवर ओढवलेल्या मोठ्या दुर्घटना पाहिल्या असता एक बाब वारंवार समोर येते. मृत्युमुखी पडलेल्यांपैकी बहुसंख्य लोक बेपर्वा साहसवीर नव्हते. ती मुलाबाळांसह आलेली सामान्य कुटुंबे होती आणि त्यांनी रात्रीसाठी निवडलेली जागा सोयीची, सपाट व निर्धोक वाटणारी होती.

ती जागा सपाट का होती, या प्रश्नाच्या उत्तरातच धोक्याचे स्वरूप दडलेले आहे.

सपाट जमीन तयार होते कशी?

पर्वतीय प्रदेशात उतार हाच भूमीचा स्वभाव असतो. तीव्र उताराच्या दरीत तळाशी अचानक एखादे समतल मैदान आढळले, तर ते आपोआप निर्माण झालेले नसते. बहुतेक वेळा ते ओढ्यानेच घडविलेले असते. पुराच्या वेळी प्रवाहाचा वेग प्रचंड वाढतो आणि डोंगरावरील माती, वाळू, गोटे व मोठे दगड त्यासोबत वाहून येतात. पात्र जेथे रुंदावते किंवा उतार कमी होतो तेथे प्रवाहाचा वेग मंदावतो आणि वाहून आणलेला गाळ तेथेच टाकला जातो. एकामागून एक आलेल्या पुरांच्या अशा थरांतून काठालगतची सपाट जमीन तयार होते. भूगोलात तिला पूरमैदान म्हणतात.

याहून फसवा प्रकार म्हणजे पंखाकृती मैदान. एखादा उपओढा अरुंद घळीतून बाहेर पडून मुख्य नदीच्या रुंद दरीत प्रवेश करतो, तेव्हा त्याने आणलेला गाळ घळीच्या तोंडापासून पंख्यासारखा पसरतो. हा पंखा सौम्य उताराचा, निचऱ्याला चांगला आणि दिसायला रमणीय असतो. शेती, वस्ती, उपाहारगृहे व शिबिरस्थळे यांसाठी डोंगराळ मुलखात हीच जमीन प्रथम निवडली जाते. एरवी ओढा पंख्याच्या एका कडेने बारीक धारेने वाहत असतो. मोठा पूर आल्यावर मात्र तो त्याच धारेत राहील याची शाश्वती नसते. घळीच्या तोंडाशी दगडगोट्यांचा अडथळा होताच प्रवाह दिशा बदलतो आणि पंख्याच्या कोणत्याही भागावरून वाहू लागतो. कारण संपूर्ण पंखा हेच त्याचे पात्र असते.

अशा जमिनीवर दोन पुरांच्या दरम्यान पन्नास किंवा शंभर वर्षे जाऊ शकतात. तेवढ्या काळात तेथे झाडे वाढतात, गवत रुजते, रस्ता होतो आणि मागील पुराची आठवण विरते. महाराष्ट्रातील वाचकांना निळी व लाल पूररेषा या संज्ञा परिचित आहेत. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा निळ्या रेषेने, तर शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा लाल रेषेने दर्शविली जाते. या रेषा प्रामुख्याने मोठ्या नद्यांसाठी आखल्या जातात. रानातल्या ओढ्याकाठी मुक्काम करणाऱ्याला ती रेषा स्वतःच्या नजरेने ओळखावी लागते.

बिएस्कास : पंख्यावरील शिबिर

स्पेन व फ्रान्स यांच्या सीमेवरील पिरेनीज पर्वतात बिएस्कास हे छोटे गाव आहे. गावाजवळ आरास नावाच्या ओढ्याने तयार केलेल्या पंखाकृती मैदानावर एक सुसज्ज शिबिरस्थळ होते. ओढ्याचे पाणी ठरावीक मार्गाने जावे म्हणून त्याचे पात्र बांधून काढण्यात आले होते आणि वरच्या घळीत गाळ अडविण्यासाठी लहान बंधाऱ्यांची मालिका उभारण्यात आली होती. या बांधकामांमुळे पंखा सुरक्षित झाल्याचा समज दृढ झाला.

७ ऑगस्ट १९९६ रोजी सायंकाळी ओढ्याच्या पाणलोट क्षेत्रावर अतिवृष्टी झाली. वरचे बंधारे एकामागून एक फुटले आणि त्यांत वर्षानुवर्षे साठलेला गाळही पुराच्या पाण्यात मिसळला. तो लोंढा बांधीव पात्र सोडून थेट शिबिरस्थळावरून गेला. तंबू, वाहने व चाकांवरील घरे वाहून गेली आणि ८७ जणांचा मृत्यू झाला. या प्रकरणी दीर्घकाळ खटला चालला. २००५ साली स्पेनच्या राष्ट्रीय न्यायालयाने प्रशासनास जबाबदार धरून पीडितांना भरपाई देण्याचा आदेश दिला. अशा जागेवरील धोका पूर्णतः अकल्पित होता असे मानता येणार नाही, हे त्या निकालातून अधोरेखित झाले.

आरासचे पाणलोट क्षेत्र अवघे १८ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, ही या घटनेतील ध्यानात घेण्याजोगी बाब होय.

लहान ओढा अधिक फसवा

मोठ्या नदीची भीती सर्वांनाच वाटते. गुडघाभर पाण्याच्या ओढ्याची भीती कोणालाही वाटत नाही. प्रत्यक्षात पूर येण्याच्या वेगाचा विचार केल्यास लहान ओढा अधिक धोकादायक ठरतो. गंगा किंवा गोदावरीसारख्या नदीच्या पाणलोट क्षेत्रात पडलेले पाणी एखाद्या ठिकाणी पोहोचण्यास अनेक तास किंवा दिवस लागतात. तेवढ्या अवधीत इशारा देता येतो. डोंगरातील लहान ओढ्याचे उतार तीव्र असल्याने पडलेला पाऊस काही मिनिटांत, फार तर तासा-दोन तासांत खाली येतो.

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या व्याख्येनुसार सुमारे २० ते ३० चौरस किलोमीटर क्षेत्रावर एका तासात १०० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाल्यास त्याला ढगफुटी म्हणतात. हे क्षेत्र साधारणतः एका ओढ्याच्या पाणलोटाएवढे असते. १८ चौरस किलोमीटर क्षेत्रावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १८ लाख घनमीटर, अर्थात १८० कोटी लिटर पाणी. त्यातील निम्मे पाणी जमिनीत मुरले आणि उरलेले तासाभरात ओढ्यात उतरले असे गृहीत धरले, तरी सेकंदाला सरासरी २५० घनमीटर पाणी वाहील. ज्या पात्रातून सकाळी मुले दगडांवरून उड्या मारत पलीकडे गेली होती, त्याच पात्रात हा प्रवाह सामावणे शक्य नसते.

पाऊस मुक्कामाच्या ठिकाणीच पडेल असेही नाही. वरच्या कड्यांवर ढग कोसळत असताना खाली आकाशात चांदणे असू शकते. म्हणूनच ‘येथे तर पाऊस नाही’ हा दिलासा पर्वतीय ओढ्याच्या बाबतीत निरर्थक ठरतो.

पाण्याच्या रेट्याचीही अनेकांना कल्पना नसते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की वस्तूवर पडणारा रेटा चौपट होतो. अवघे १५ सेंटिमीटर खोलीचे वेगवान पाणी प्रौढ व्यक्तीचा तोल घालवू शकते आणि ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक मोटारगाड्या वाहून नेऊ शकते. त्यात दगड आणि ओंडके असतील तर पोहता येणे किंवा न येणे यास फारसे महत्त्व उरत नाही.

अल्बर्ट पाइक : इशारा दरीत पोहोचला नाही

अमेरिकेच्या अर्कान्सा राज्यातील वॉशिटा पर्वतरांगेत राष्ट्रीय वनक्षेत्रात लिटल मिसूरी नावाची नदी आहे. नाव नदीचे असले तरी उगमाकडील भागात तिचे स्वरूप स्वच्छ पाण्याच्या, खडकाळ पात्राच्या डोंगरी ओढ्यासारखे आहे. तिच्या काठावरील अल्बर्ट पाइक हे शिबिरस्थळ परिसरातील कुटुंबांच्या विशेष पसंतीचे होते.

११ जून २०१० च्या पहाटे मुसळधार पावसानंतर ही नदी फुगली. जवळच्या पातळीमापकावरील नोंदीनुसार सुमारे ३ फुटांवर असलेली पातळी काही तासांत २३ फुटांच्या वर गेली. बहुतेक लोक गाढ झोपेत होते. पाणी तंबूत शिरल्यावरच अनेकांना जाग आली. या दुर्घटनेत २० जणांचा बळी गेला आणि त्यांत लहान मुलांचाही समावेश होता.

हवामान विभागाने त्या रात्री आकस्मिक पुराचा इशारा दिला होता. परंतु खोल दरीमुळे तेथे भ्रमणध्वनीची सेवा पोहोचत नव्हती. झोपलेल्या माणसाला जागे करील असे कोणतेही साधन तेथे नव्हते. पूर ओसरल्यानंतर नेमके किती लोक मुक्कामास होते हे ठरविणेही शोधपथकांना कठीण गेले.

इशारा देण्याची यंत्रणा आणि इशारा ऐकण्याची यंत्रणा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या घटनेने दाखवून दिले. शिबिरस्थळाचा एकांत हे त्याचे आकर्षण असते आणि तोच एकांत इशाऱ्याच्या मार्गातील अडथळाही असतो. शिवाय ओढ्याचा अखंड खळखळाट कानाला सवयीचा झाल्यामुळे त्यातील हळूहळू वाढणारा आवाज झोपेत जाणवत नाही.

हिमालयातील स्थिती

हिमालय हा भूशास्त्रीय दृष्ट्या तरुण पर्वत असून त्याचे उतार अस्थिर आहेत. त्यामुळे येथील ओढ्यांच्या पुरात पाण्याइतकाच चिखल व दगडांचा वाटा असतो. हिमाचल प्रदेशात अशा ओढ्यांना नाला किंवा खड्ड, तर उत्तराखंडमध्ये गाड किंवा गधेरा म्हटले जाते. ठिकाणाच्या नावात यांपैकी एखादा शब्द आढळल्यास तेथून पाण्याची वाट जाते, असे समजण्यास हरकत नाही.

६ जुलै २०२२ रोजी कुल्लू जिल्ह्यातील मणिकर्ण खोऱ्यात चोज गावाजवळ ढगफुटीनंतर नाल्याला पूर आला. त्यात तंबूंच्या मुक्कामाच्या जागेचे नुकसान झाले आणि चार जण बेपत्ता झाले. ५ ऑगस्ट २०२५ रोजी उत्तरकाशी जिल्ह्यातील धराली येथे खीरगंगा ओढ्यातून आलेल्या चिखल-दगडांच्या लोंढ्याने उपाहारगृहे, घरे व बाजारपेठ क्षणार्धात गाडली. धरालीची वस्ती ओढ्याने पूर्वी आणलेल्या गाळाच्या पंख्यावर वसलेली होती. गंगोत्रीच्या मार्गावर असलेले महाराष्ट्रातील अनेक पर्यटक त्या वेळी परिसरात अडकून पडले होते.

हिमनद्यांतून उगम पावणाऱ्या ओढ्यांची आणखी एक लकब आहे. दिवसभराच्या उन्हाने वितळलेले बर्फ खाली येण्यास वेळ लागतो. त्यामुळे पहाटे कमी असलेले पाणी दुपारनंतर व सायंकाळी वाढते. सकाळच्या पातळीवरून जागा निवडणाऱ्याची म्हणूनच फसगत होते.

जेथे वरच्या बाजूस धरण किंवा जलविद्युत प्रकल्प आहे, तेथे पावसाविनाही पूर येऊ शकतो. ८ जून २०१४ रोजी मंडी जिल्ह्यातील थलौट येथे बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी आणि एक सहल-संयोजक लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. त्या वेळी नदीच्या पाण्यात दिसणारी शांतता निसर्गाची नव्हती, ती धरणाच्या दरवाजांवर अवलंबून होती.

सह्याद्रीत हिमनद्या नाहीत, मात्र उतार तीव्र आणि पाऊस प्रचंड आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यातील भुशी धरणाच्या परिसरात ओढ्याचे पाणी अकस्मात वाढून पुण्यातील एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. उन्हाळ्यात कोरडा पडणारा सह्याद्रीतील ओढा वळवाच्या एका सरीतही वाहता होतो, याचा अनुभव घाटमाथ्यावरील गावकऱ्यांना असतोच.

जागा कशी पारखावी?

शिबिराची जागा निवडताना ओढ्यापासूनच्या अंतरापेक्षा ओढ्यापासूनची उंची अधिक महत्त्वाची असते. सपाट मैदानात पन्नास मीटर मागे सरकल्याने सुरक्षितता वाढेलच असे नाही. त्याऐवजी पाच-सहा मीटर वरच्या टप्प्यावर चढल्याने ती बरीच वाढते. अनेक दऱ्यांत ओढ्याच्या कडेला पायऱ्यांसारखे जुने टप्पे असतात. सर्वांत खालचा टप्पा टाळून वरचा टप्पा शोधावा.

मागील पुराच्या खुणा जमिनीवर व झाडांवर शिल्लक असतात. फांद्यांत किंवा खोडांभोवती अडकलेला पालापाचोळा, काटक्या व प्लास्टिक हे पाणी तेथपर्यंत चढल्याचे थेट प्रमाण होय. खोडाच्या वरच्या प्रवाहाकडील बाजूस साल खरवडलेली असल्यास तेथे दगड किंवा ओंडके आदळलेले असतात. गाळात अर्धवट गाडले गेलेले बुंधे, गुळगुळीत गोट्यांची पसरण आणि तंबूचा खुंटा ठोकताना पालापाचोळ्याखाली लागणारी ताजी वाळू या खुणाही तेच सांगतात. झाडांचे वयही बोलके असते. उत्तराखंडमध्ये उतीस या नावाने ओळखला जाणारा वृक्ष नव्याने साचलेल्या गाळावर आणि दरडींवर लवकर रुजतो. सभोवती जुने देवदार किंवा बांज असताना ओढ्यालगत केवळ एकसारख्या वयाच्या उतिसांची दाटी दिसली, तर ती जमीन अलीकडच्या काळात उद्ध्वस्त झाली असण्याची शक्यता असते.

उपओढ्याच्या तोंडासमोर तंबू उभारू नये. दोन प्रवाहांच्या संगमावरील जमिनीचा तुकडा कितीही देखणा असला तरी त्याला दोन्हीकडून धोका असतो. प्रवाहातील बेटांवर आणि मुक्कामाच्या दिवशी कोरड्या असलेल्या दुसऱ्या धारेच्या पलीकडे राहू नये, कारण ती धार वाहती झाल्यास परतीचा मार्ग बंद होतो.

पाणी टाळण्याच्या प्रयत्नात तुटक्या कड्याच्या पायथ्याशी जाणेही तितकेच घातक असते. १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे मलेशियातील बातांग काली येथे एका शिबिरस्थळावर वरचा उतार कोसळून ३१ जणांचा मृत्यू झाला. त्या शिबिरस्थळास आवश्यक परवाना नव्हता. त्यामुळे जागा पारखताना खाली पाण्याकडे पाहावे, तसेच वर उताराकडेही पाहावे. ताजे दगड, वाकलेली झाडे, भेगा आणि डोक्यावर लटकणाऱ्या वाळलेल्या फांद्या असलेली जागा टाळावी.

वरच्या टप्प्यावरील मुक्काम अधिक सुखाचाही असतो. रात्री डोंगरावरील थंड हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते आणि दरीच्या तळाशी साठते. ओढ्यालगतच्या दमट हवेमुळे पहाटे तंबूच्या आत दव जमते. थोड्या उंचीवरील तंबू त्या तुलनेने उबदार व कोरडा राहतो. पाणी आणण्यासाठी चार पावले अधिक चालावी लागतात, एवढीच काय ती गैरसोय.

प्रयाणापूर्वीची तयारी

हवामान विभागाच्या हिरव्या, पिवळ्या, नारिंगी व लाल इशाऱ्यांची माहिती शेवटच्या संपर्काच्या ठिकाणी घ्यावी. केवळ मुक्कामाच्या गावाचा अंदाज पाहू नये, संपूर्ण खोऱ्याचा पाहावा. दक्षिण आशियासाठीची आकस्मिक पूर मार्गदर्शन प्रणाली ऑक्टोबर २०२० मध्ये कार्यान्वित झाली असून तिच्याद्वारे पाणलोटनिहाय धोक्याचे पूर्वानुमान काढले जाते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ हे उपयोजन विजेचा, तर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ हे उपयोजन विविध आपत्तींचा इशारा देते. परंतु जेथे संपर्कच नाही तेथे ही साधने मूक होतात. त्यामुळे घरून निघताना कोठे, किती दिवस आणि कोणासोबत मुक्काम आहे याची नोंद वनविभागाच्या चौकीत, गावात व कुटुंबीयांकडे ठेवणे आवश्यक ठरते.

स्थानिकांना विचारावयाचा प्रश्नही नेमका असावा. ‘येथे धोका आहे का?’ असे विचारल्यास व्यवसाय सांभाळणारा माणूस बहुधा नाही म्हणेल. ‘आजपर्यंत पाणी सर्वांत वर कोठे आले होते?’ असे गावातील वृद्ध व्यक्तीस किंवा मेंढपाळास विचारल्यास बोट दाखवून उत्तर मिळते.

रात्री पाणी वाढू लागल्यास

स्वच्छ पाणी अचानक गढूळ होणे, त्यात पाने व काटक्या येऊ लागणे, ओल्या मातीचा उग्र वास येणे आणि तळातील दगड एकमेकांवर आपटल्याचा घुमणारा आवाज ऐकू येणे ही पूर जवळ आल्याची लक्षणे आहेत. पावसात ओढ्याचे पाणी एकाएकी कमी झाले तर समाधान मानू नये. वर दरड कोसळून प्रवाह अडला असण्याचा तो संकेत असू शकतो. असा नैसर्गिक बांध फुटल्यास साठलेले सर्व पाणी एकदम खाली येते.

यांपैकी काहीही जाणवताच सामान न आवरता, शक्य तितक्या लवकर आणि सरळ वरच्या दिशेने चढून जावे. ३१ जुलै १९७६ रोजी अमेरिकेतील कोलोराडो राज्याच्या बिग थॉम्प्सन घळीत आलेल्या पुरात सुमारे १४४ जणांचा मृत्यू झाला. मोटारीतून घळीच्या रस्त्याने पळ काढण्याच्या प्रयत्नात अनेक जण पाण्यात सापडले. त्यानंतर कोलोराडोतील घळींच्या रस्त्यांवर पूर आल्यास वर चढून जाण्यास सांगणारे फलक लावण्यात आले. दरीतील रस्ता बहुधा ओढ्यालगतच जातो. त्यामुळे पूर आणि वाहन यांच्या शर्यतीत वाहन हरते. वर चढलेला माणूस मात्र दहा-पंधरा मीटर उंचीवरही सुरक्षित राहू शकतो.

यासाठी उजेड असतानाच वर जाण्याची वाट सर्वांनी एकदा चालून पाहावी आणि मुलांनाही दाखवावी. विजेरी, शिटी व पादत्राणे झोपताना हाताशी ठेवावीत. पावसाळी हवेत पाळीपाळीने एकाने जागे राहावे आणि सायंकाळी पाण्याच्या कडेला खूण म्हणून एक दगड ठेवून पातळीवर लक्ष ठेवावे. आपत्कालीन मदतीसाठी ११२ हा क्रमांक देशभर उपलब्ध आहे. मात्र संपर्क नसलेल्या दरीत पहिली मदत ही शेजारच्या तंबूला जागे करण्याचीच असते.

ओढ्याचेही रक्षण

माणसाला ओढ्यापासून दूर ठेवणारे नियम ओढ्यालाही माणसापासून वाचवितात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१५ मध्ये कौडियाला ते ऋषिकेश या पट्ट्यात गंगेच्या मध्यापासून १०० मीटरच्या आत तंबूवस्तीस मनाई केली. नदीचे प्रदूषण व पर्यावरणाची हानी ही त्यामागील कारणे होती. ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने उंचावरील बुग्याल, अर्थात गवताळ कुरणांत रात्रीच्या मुक्कामावर बंदी घातली.

जगभर मान्यता पावलेल्या शिबिरसंहितेनुसार तंबू पाण्यापासून किमान २०० फूट, म्हणजे सुमारे ६० मीटर अंतरावर असावा. शौचासाठीचा खड्डाही तेवढ्याच अंतरावर खणावा व तो १५ ते २० सेंटिमीटर खोल असावा. भांडी व कपडे प्रवाहात धुऊ नयेत. जैवविघटनशील साबणही थेट पाण्यात मिसळू नये. ओढ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी ते उकळूनच प्यावे, कारण वरच्या कुरणांत गुरे चरत असतात. उत्तराखंडमधील चिडाच्या जंगलात जमिनीवर पिरूळ, म्हणजे वाळलेल्या सुयांसारख्या पानांचा थर असतो. तो अत्यंत ज्वालाग्राही असल्याने उन्हाळ्यात तेथे शेकोटी टाळणेच योग्य. ज्या ओढ्याचे पाणी खालचे गाव पिते, त्याच्या काठावर आपण एक-दोन रात्रींचे पाहुणे असतो, हे भान यामागे अपेक्षित आहे.

हिमालयातील राज्यांत शिबिरस्थळांसाठी परवाने व नोंदणीच्या तरतुदी आहेत. परंतु परवाना असणे म्हणजे ती जागा पुराच्या आवाक्याबाहेर असणे नव्हे. बिएस्कास आणि अल्बर्ट पाइक ही दोन्ही ठिकाणे अधिकृत होती. परवान्यासाठी होणाऱ्या तपासणीत भूशास्त्रज्ञाचे मत बंधनकारक करणे, प्रत्येक ठिकाणी मुक्कामींची नोंदवही ठेवणे, वर चढण्याची वाट खुणांनी दर्शविणे आणि संपर्कहीन दऱ्यांत भोंगा बसविणे या उपायांना फार मोठा खर्च लागत नाही. ते होईपर्यंत, तंबूचा पहिला खुंटा ठोकण्यापूर्वी ही जमीन कोणी सपाट केली असेल, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारणे आणि उत्तर ओढ्याकडे बोट दाखवीत असल्यास आणखी थोडे वर चढणे, एवढी दक्षता कोणालाही घेता येण्याजोगी आहे.